१९०६ च्या घडणीचा चामडी फुटबॉल: नवी मुंबईच्या कॉलेज संघांनी घ्यावा का?

घ्यावा. पण रोजच्या सरावासाठी नाही, आणि पावसाळ्यात तर मैदानावर नेऊच नये. जालंधरच्या एका कारखान्यात शिवलेला, चार पाकळ्यांचा, वादीने आवळायचा हा चेंडू म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या जुन्या चेंडूची प्रतिकृती. इथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडू नव्हे. हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा लांबट चेंडू. फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अंगावर न आदळता कमरेची पट्टी ओढून अडवायचा याच खेळाचा प्रकार, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतो आहे, त्यामुळे हा आकार आपल्या कॉलेजांच्या क्रीडाविभागांना आता अनोळखी राहिलेला नाही. फेक शिकवणाऱ्यांना हा चेंडू एका कारणासाठी हवाच: आज जी पकड आपण मुलांना पहिल्या दिवशी दाखवतो ती कुठून आली, हे याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. किंमत घरपोच तीन हजारांच्या थोडी खाली पडते.

आधी मापं. आजच्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चेंडूचा पोटाचा घेर २०¾ ते २१¼ इंच असतो. १९१२ च्या नियमांत तोच घेर २२½ ते २३ इंच, आणि टोकाकडून टोकाकडे मोजलेला घेर २८ ते २८½ इंच. वजन तेव्हाही १४ ते १५ औंस आणि आताही तेवढंच, म्हणजे ३९७ ते ४२५ ग्रॅम. आमच्याकडच्या प्रतिकृतीचा पोटाचा घेर पूर्ण हवा भरल्यावर २२¾ इंच भरला, वजन वादीसकट ४३० ग्रॅमच्या आसपास. वजन किंचित जास्त आहे, ते आतल्या कापडी अस्तरामुळे. घेर मात्र बरोबर साधलाय. व्यासात हिशेब केला तर आजच्या चेंडूपेक्षा हा दीड सेंटिमीटरही जाड नाही. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. हातात घेतलं की अंगठा आणि करंगळी यांच्यामधली पकड सुटते, कारण बोटं पोटाच्या फुगवट्यावर सपाट पसरतात, त्याला वेढत नाहीत. ज्यांच्याकडे पाच नंबरचा रग्बी बॉल आहे त्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो: त्याचा पोटाचा घेर ५८ ते ६२ सेंटिमीटर असतो, याचा सुमारे ५७.८. आजच्या अमेरिकन चेंडूपेक्षा हा रग्बीलाच जवळचा.

चामडं चांगलं आहे. गाईचं, वनस्पतींच्या सालीत कमावलेलं, साधारण अडीच मिलिमीटर जाड, वरून गुळगुळीत. आजच्या चेंडूवर असतात तसे दाणे नाहीत, आणि नसायलाच हवेत, पण घामेजल्या हाताने धरताना त्याची किंमत मोजावी लागते. शिवण उलट्या बाजूने घातलेली आहे: चारही पाकळ्या आतून शिवायच्या आणि मग वादीच्या फटीतून अख्खं कवच उलटून बाहेर काढायचं, ही जुनीच पद्धत. टाके इंचाला सहा, मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे. घेतल्यावर पहिली तपासणी दोन्ही टोकांची करा. चारही पाकळ्या जिथे एकत्र येतात तिथे शेवटची गाठ असते, आणि ती सैल राहिली तर तिथे गव्हाच्या दाण्याएवढी फट दिसते. हवा भरल्यावर त्या फटीतून ब्लॅडर, म्हणजे आतली रबरी पिशवी, डोकावतो आणि काही दिवसांत तिथेच फुटतो. अशी फट असेल तर चेंडू बदलून मागा. स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून ती बाहेरून शिवून घेता येते, पण बाहेरचा टाका फेकताना तळव्याला लागतो आणि चेंडू घासला की पहिला तोच झिजतो.

आता हवा भरणं. खरी कसोटी इथे आहे, आणि सोबतच्या कागदावर याबद्दल फक्त दोन ओळी आहेत. पिन घालून पंप मारण्याची सोय यात नाही. रबराचा ब्लॅडर वेगळा येतो, त्याला बोटभर लांबीची नळी असते. आधी ब्लॅडरला टाल्कम पावडर चोळा. सायकलच्या पंक्चरवाल्याकडची शंखजिऱ्याची पूड असेल तर उत्तम. पावडर नसेल तर रबर अस्तराला चिकटतं, हवा भरताना एका बाजूला ताणलं जातं आणि चेंडू वाकडा फुगतो. ब्लॅडरची घडी घालून फटीतून आत सोडा, दोन्ही टोकांपर्यंत बोटाने सारा, नळी फटीच्या बरोबर मध्ये आणा. फटीखाली चामड्याची एक जीभ असते. ती ब्लॅडर आणि वादी यांच्यामध्ये सपाट बसली पाहिजे. ती दुमडली तर बाहेरून उंचवटा दिसतो आणि वादीची कड रबर कापते. आमच्या मते या चेंडूचे निम्मे ब्लॅडर या एका चुकीपायी जातात.

मग अर्धी हवा भरा, चेंडू दोन्ही तळव्यांत फिरवून चोळा, म्हणजे रबर कोपऱ्यांत बसतं. मग पूर्ण भरा. दाब मोजायला जागा नाही. आजच्या चेंडूचा १२.५ ते १३.५ पीएसआयचा आकडा इथे विसरायचा. अंगठ्याने पोटावर जोर दिला की चामडं दोन-तीन मिलिमीटर दबलं पाहिजे, एवढा कडक पुरे. त्याहून जास्त भरलात तर वादीची भोकं लांबट होऊ लागतात. नळी एकदा दुमडून तिच्यावर सुती दोऱ्याचे पाच-सहा वेढे घ्या. नायलॉनचा बारीक दोरा नको, तो रबर चिरतो. बांधलेली नळी जिभेखाली आडवी सारा.

वादी आवळताना आरी लागते. चांभाराकडे टोकदार मिळते. तिचं टोक कानशीने घासून बोथट करून घ्या, म्हणजे भोकातून वादी ओढताना ब्लॅडरला इजा होणार नाही. एका टोकापासून सुरुवात करा, प्रत्येक जोडीपाशी वादी ओढून आधीची जोडी अंगठ्याने दाबून धरा आणि शेवटचं टोक आधीच्या तीन आडव्या पट्ट्यांखालून मागे घ्या. गाठ मारू नका. सोबत येणारी वादी साठ सेंटिमीटरची आहे, आणि ती आखूड पडते: शेवटच्या दोन भोकांपाशी ओढायला हातात काही उरत नाही, त्यामुळे तिथली पट्टी कायम सैल राहते. नव्वद सेंटिमीटरची, चार मिलिमीटर रुंद वादी घ्या. ठाण्याहून धीम्या लोकलने सायनला उतरून धारावीच्या चामडं बाजारात ती सहज मिळते, हवं तेवढ्या लांबीची कापून देतात.

शेवटच्या त्या पट्टीचा मी इतका आग्रह धरतो याला कारण आहे.

१९०५ च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना १८ जण मेले. खेळाडू एकमेकांना धरून घोळक्याने भिंतीसारखे समोरच्यांवर आदळत, आणि चेंडू पुढे फेकण्याला नियमाने बंदी होती. ९ ऑक्टोबर १९०५ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी नियम बदलले: चेंडू आपल्याकडे राखायला तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड पुढे जायचं, दोन संघांच्या मध्ये मोकळी पट्टी, आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी. परवानगीसुद्धा हात आखडून दिलेली. फेकणाऱ्याने, खेळ सुरू करताना चेंडू जिथून मागे दिला गेला त्या जागेपासून डावीकडे किंवा उजवीकडे किमान पाच यार्ड सरकायचं, आणि फेकलेला चेंडू कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला तर तो थेट प्रतिस्पर्ध्यांचा. बहुतेक मोठ्या कॉलेजांनी अशा अटींवर फेक वापरायचं टाळलं.

सेंट लुईस विद्यापीठाने टाळलं नाही. त्यांचा प्रशिक्षक एडी कोकम्स याने उन्हाळ्यातच संघ विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाला नेला आणि तिथे फेकीचाच सराव करून घेतला. त्याने खेळाडूंना सांगितलेली पकड अशी: बोटं वादीच्या टोकाजवळच्या दोन पट्ट्यांमध्ये घाला, जिथे चेंडू सर्वांत निमुळता होतो, आणि मनगटाला पीळ देऊन चेंडू त्याच्या लांब अक्षाभोवती फिरवत फेका. ही प्रतिकृती हातात घेऊन तसं करून बघा. पोटाशी धरलं तर हात पुरत नाही. टोकाकडे दोन-तीन इंच सरकलं की घेर कमी होतो, आणि वादीच्या शेवटच्या दोन पट्ट्यांच्या खोबणीत मधलं बोट आणि अनामिका बरोबर बसतात. पीळ देताना चेंडूवरची पकड टिकते ती या दोन बोटांमुळे. म्हणून ती पट्टी सैल चालत नाही. सैल असली की बोट घसरतं, पीळ अर्धवट बसतो आणि चेंडू हवेत टोक हलवत जातो.

वादीचा मूळ उपयोग कवचाची फट बंद करण्यापुरता. फेकीसाठी म्हणून तिची आखणी कुणी केली नव्हती. कोकम्सने ती बोटांच्या कामी लावली, आणि आज ब्लॅडर बदलायला वादी सोडायची वेळ क्वचित येत असूनही ती चेंडूवर आहे ती याच पकडीसाठी. प्रशिक्षकांनी मुलांना हे सांगावं, आणि दोन्ही चेंडू शेजारी ठेवून दाखवावं.

पुढे तो हंगाम कसा गेला तेही सांगण्याजोगं आहे. ५ सप्टेंबर १९०६ ला विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशॉ इथे कॅरोल कॉलेजविरुद्ध सेंट लुईसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिली फेक केली, ती कुणाच्या हाती लागली नाही आणि नियमाप्रमाणे चेंडू कॅरोलकडे गेला. त्याच सामन्यात नंतर त्याने जॅक श्नायडरकडे फेकलेला वीस यार्डांचा चेंडू पोचला आणि टचडाउन झालं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेला. सामना २२-०. कॅन्ससला ३४-२ आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आयोवाला ३९-० असं हरवून सेंट लुईसने हंगाम ११ पैकी ११ विजयांनी संपवला. सगळे मिळून ४०७ गुण केले, ११ दिले. आयोवाविरुद्ध दहापैकी आठ फेकी हाती लागल्या. आजच्या निमुळत्या चेंडूनेही हे प्रमाण कुठल्याही कॉलेज संघाला अभिमानाचं वाटेल. या जाड, गुळगुळीत चेंडूने आणि चुकलेली फेक म्हणजे चेंडू गमावणं अशा नियमाखाली ते साधणं किती कठीण होतं, याचा अंदाज प्रतिकृतीने दहा-वीस फेकी केल्या की येतो. कोकम्सने नंतर चेंडू लांब, अरुंद आणि हलका करावा असं सुचवलंही. चेंडू अरुंद होत गेला, पण टप्प्याटप्प्याने, आणि त्याला तीसेक वर्षं लागली.

इथे विक्रेत्याच्या कागदाबद्दल तक्रार आहे. त्यावर छापलंय की फॉरवर्ड पासचा, म्हणजे चेंडू पुढे फेकण्याचा, शोध १९१३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने लावला. हे चूक आहे. १ नोव्हेंबर १९१३ ला नोत्र दामने वेस्ट पॉइंटला तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाला, आर्मीला, ३५-१३ असं हरवलं, गस डोरे फेकत होता आणि नूट रॉक्नी झेलत होता, आणि त्या सामन्यामुळे पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांचं फेकीकडे लक्ष गेलं. पण तोवर सेंट लुईसचा हंगाम होऊन सात वर्षं झाली होती. शिवाय १९१२ मध्ये नियमही सैलावले होते: वीस यार्डांपलीकडे फेकायला असलेली बंदी गेली, प्रयत्न तीनाचे चार झाले. शैक्षणिक उपयोगासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूसोबत चुकीची माहिती जावी हे वाईट. कॉलेजच्या प्रदर्शनात चेंडू ठेवणार असाल तर तो कागद काढून आपला मजकूर लावा.

आता आपल्या मैदानांबद्दल. नवी मुंबईत सराव बहुतेक दोन प्रकारच्या जागी होतो: सेक्टरांमधली मुरुमाची मैदानं आणि जाळीतले कृत्रिम टर्फ. मुरुम या चामड्याचा वैरी आहे. चेंडू टोकावर आपटून घरंगळला की पाकळीची कड खरवडली जाते, आणि टोकाची शिवण आधी उघडी पडते. टर्फवर घासणं कमी, पण काळे रबरी दाणे वादीखाली शिरतात आणि जिभेच्या कडेने आत जातात. खेळ झाल्यावर जुन्या टूथब्रशने ते काढावेच लागतात. शिवाय जाळीतलं टर्फ वीस यार्डांच्या फेकीला पुरतं, पण धावत जाऊन झेलायला जागा उरत नाही. गवताचं मैदान मिळालं तरच या चेंडूचा आनंद आहे, आणि तेही दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, सकाळी दव उतरल्यावर.

पावसात काय होतं ते स्पष्ट सांगायला हवं. चामडं पाणी पितं. ओल्या गवतावर अर्धा तास खेळल्यावर आमच्या काट्यावर चेंडू पाचशे ग्रॅमच्या पुढे गेला. वजन वाढतं ते एकसारखं वाढत नाही. अस्तर जिथे शिवणीजवळ दुहेरी आहे तिथे पाणी जास्त साठतं, म्हणून चेंडू फिरताना डुगडुगतो. ओलं चामडं ताणलं जातं, आणि ताण पोटावर सर्वांत जास्त असल्याने चेंडू आणखी जाड होतो आणि वाळल्यावरही पूर्ण आकसत नाही. असा दोन-तीनदा भिजलेला चेंडू खरबुजासारखा दिसू लागतो, मग मापाच्या अचूकतेला काही अर्थ राहत नाही.

तरी भिजलाच तर हवा काढू नका. कोरड्या सुती कापडाने पुसा, वादीच्या फटीत कापडाची कड घालून पाणी टिपून घ्या आणि पंख्याखाली सावलीत दीड-दोन दिवस ठेवा, मधूनमधून फिरवत. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यांतलं काहीही नको. झटपट वाळलेलं चामडं कडक होतं आणि टाक्यांच्या भोकांपाशी तडकतं; ती तड पुन्हा शिवता येत नाही, कारण दोरा धरायला चामडंच उरत नाही. वाळल्यावर मेणाचं मलम लावा: एक भाग मधमाशांचं मेण, तीन भाग नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेलं), गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवून. अर्ध्या चमच्याहून जास्त एका चेंडूला लागत नाही. वादीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा कोरडी सोडा. तेल आत झिरपलं तर रबर फुगून मऊ पडतं, मग ब्लॅडर कुठूनही जातो. घरात असतं म्हणून लोक व्हॅसलीन लावतात. ते रबराला तेलापेक्षाही वाईट.

जून ते सप्टेंबर चेंडू कपाटात असला तरी खाडीकाठची दमट हवा त्याला सोडत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला तर आठवड्यात पांढरी बुरशी येते. निम्मी हवा काढा, वादी सैल करा, सुती पिशवीत घाला आणि सोबत सिलिका जेलच्या तीन-चार मोठ्या पुड्या ठेवा. त्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. बुरशी आलीच तर निम्मं स्पिरिट, निम्मं पाणी असं मिश्रण कापडावर घेऊन पुसा, वाळू द्या आणि मगच मेण लावा. आधी मेण लावलं तर बुरशी त्याखाली वाढत राहते.

काही कॉलेजांना जुन्या नियमांचा प्रदर्शनीय सामना भरवायचा असेल तर तो जरूर भरवा, पण कमरेच्या पट्ट्या ओढायच्या फ्लॅगच्याच पद्धतीने. अंगावर आदळण्याचे १९०६ चे नियम आज मुलांवर लादू नयेत. १९०५ चा आकडा वर दिलाच आहे. फेकीचे नियम मात्र जसेच्या तसे ठेवा. तीन प्रयत्नांत दहा यार्ड, फेकणारा पाच यार्ड बाजूला, न शिवता पडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांचा, टचडाउनला पाच गुण आणि मैदानी गोलला, म्हणजे लाथेने खांबांमधून चेंडू मारण्याला, चार. पाच यार्डांची अट तपासता यावी म्हणून तेव्हा मैदानावर लांबीच्या दिशेनेही रेषा आखत, त्यामुळे मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटींचं दिसे. मुरुमावर त्या फक्कीने आखायला दोन माणसांना तासभर लागतो. न आखता खेळलं तर प्रत्येक फेकीनंतर वाद होतो.

विक्रेत्याची सेवा ठीक आहे. खोका मजबूत, चेंडू रिकामा आणि सपाट घडी करून येतो, आणि ती घडी नेमकी पोटावर पडते. पहिल्यांदा हवा भरल्यावर तिथे आडवी सुरकुती दिसते, ती दोन दिवस भरून ठेवल्यावर जाते. मागणी करताना तीन गोष्टी लिहून कळवा: घडी लांबीत घालावी, जादा ब्लॅडर दोन द्यावेत, आणि ब्लॅडर लॅटेक्सचा (नैसर्गिक रबराचा) नको, ब्यूटाइलचा (कृत्रिम रबराचा) हवा. लॅटेक्स रात्रीतून हवा सोडतो, आणि दर वेळी वादी उलगडून पुन्हा भरायची म्हणजे भोकं वर्षभरात निकामी होतात. ब्यूटाइलचा ब्लॅडर दीडशे-दोनशे रुपयांनी महाग पडतो, पण आठवडाभर पुरेशी हवा धरतो. सांगितल्याशिवाय ते लॅटेक्सचाच पाठवतात.